मुलाणी बाईंची रंगीत तालीम

विद्यार्थ्यांचा गुणगौरव हा शाळेच्या वर्षातला सर्वांत पवित्र क्षण होय. हे वाक्य मी आमच्या शाळेच्या वार्षिक अहवालात अठरा वेळा लिहिलं आणि अठरा वेळा व्यासपीठावरून वाचलं. वाचताना आवाज थोडा जड करायचा, म्हणजे टाळी पडते. प्रत्यक्षात हा पवित्र क्षण दुपारी सव्वाच्या सुमाराला यायचा. तोवर दीपप्रज्वलन झालेलं असे, वाऱ्यामुळे तीनदा. ईशस्तवन, स्वागतगीत, पाहुण्यांचा सत्कार, अध्यक्षांचा सत्कार, अध्यक्षांच्या गाडीत जागा होती म्हणून आलेल्या दोन गृहस्थांचा सत्कार, आणि या सर्वांची ‘दोन शब्द’ म्हणून सुरू झालेली भाषणं. मग कुठे बक्षिसांचं टेबल पुढे ओढलं जाई. चार-पाच मुलांची नावं पुकारली जात, फोटो निघत, आणि पाहुणे मनगटाकडे बघत. की लगेच सूत्रसंचालक माईकजवळ जाऊन म्हणे, ‘वेळेअभावी उरलेली बक्षिसं उद्या वर्गात देण्यात येतील.’

उरलेली म्हणजे शंभरावर. सूत्रसंचालक म्हणजे मी.

शमशाद मुलाणी आमच्या शाळेत गणित शिकवायला आल्या त्या वर्षी हे ‘वेळेअभावी’चं वाक्य मी नेहमीप्रमाणे म्हटलं आणि व्यासपीठामागे पाणी प्यायला गेलो. बाई तिथे उभ्या होत्या. संस्थेच्या इंदापूरकडच्या शाळेतून बदली होऊन आलेल्या, मूळच्या बावड्याच्या. कार्यक्रमभर त्या शिक्षकांच्या रांगेत न बसता मागे मुलांच्या आयांच्यात बसल्या होत्या, एवढं मी वरून पाहिलं होतं.

‘गुरव सर, हे तुमी दरवर्षी म्हणता?’

‘हो.’

‘पाठ हाय, का लिहून आणता?’

मी मराठीचा शिक्षक. उपरोध आपण शिकवतो, आपल्याला कोणी ऐकवत नाही, अशी माझी समजूत होती. त्या दिवशी ती गेली.

बाई उंचीने कमी, आवाजाने मोठ्या. माईक त्यांना लागत नसे. माईकलाच त्यांचा त्रास व्हायचा. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या, म्हणजे फळ्यावर लिहितानाही वेळ दिसे. वर्गात प्रमाण मराठी आणि वर्गाबाहेर बावड्याची, हा नियम इतका पक्का की उंबरठ्यावर एक पाय आत आणि एक बाहेर असताना त्या गप्प राहायच्या. आमच्या शाळेच्या पत्रिकेवर ‘कार्यक्रम सकाळी ठीक दहा वाजता’ असं दरवर्षी छापलेलं असे. ‘ठीक’ हा शब्द खऱ्या अर्थाने घेणारी त्या रस्त्यावरची, म्हणजे बारामतीपासून इंदापूरपर्यंतची, ही एकमेव व्यक्ती. बैठक असो, परीक्षा असो, निरोप असो, बाई त्या मिनिटाला हजर. कोणी हसलं तर विचारायच्या, ‘छापलंय न्हवं?’

त्यांच्या वर्गाची एक रीत होती. गणिताचं उत्तर बरोबर आलं की मुलाने उभं राहून मोठ्याने नाव सांगायचं. आपलं, आईचं, बापाचं आणि गावाचं. मगच बसायचं. सहावी अ चा तास चालू असला की शेजारच्या वर्गात माझी कविता अडखळायची; भिंतीपलीकडून कोणीतरी आपलं घराणं सांगत असे. मी तक्रार केली. बाई म्हणाल्या, ‘सर, ह्या पोराचं नाव आजवर फक्त हजेरीला आन् वरडायला घेतलंय. बरोबर आलं म्हणून घेतल्यालं त्याला ऐकू द्या की.’ मी माझ्या कवितेचा तास बदलून घेतला.

दुसऱ्या वर्षी बाईंनी गुणगौरव समारंभाची जबाबदारी मागून घेतली. अशी जबाबदारी मागून घेणारं माणूस आमच्या शाळेने पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे हेडसरांनी आधी संशयाने आणि मग घाईघाईने ती देऊन टाकली.

समारंभाच्या दिवशी पत्रिकेवरचे ठीक दहा वाजले. पाहुणे बारामतीतच होते. मुलं सतरंजीवर, पालक खुर्च्यांवर, वर कापडी मांडव आणि मांडवाला मधोमध भोक, त्यातून ऊन नेमकं पाचवीच्या मुलांवर. बाई हेडसरांकडे गेल्या. मी जवळ होतो.

‘सर, पाव्हणे येईस्तोर बक्षिसं वाटून घेऊ का?’

हेडसर दचकले. ‘बाई, पत्रिकेवर पाहुण्यांच्या शुभहस्ते असं आहे. अध्यक्षसाहेब काय म्हणतील?’

‘बरं. मग तालीम घेऊ का?’

‘कसली?’

‘बक्षीस वाटायची. पोरं ऐनवेळी गडबडत्यात. चढताना पडत्यात, उतरताना धडकत्यात. पाव्हण्यांसमोर बरं दिसत न्हाय. रंगीत तालीम घेते.’

तालमीला कोण नाही म्हणणार? हेडसरांनी मान डोलावली. बाईंनी मला माईकवर उभं केलं, हातात यादी दिली, आणि म्हणाल्या, ‘वाचा. पूर्ण नाव. आईचं, बापाचं, गावाचं. घाई न्हाय करायची आन् थांबायचं बी न्हाय.’

मी पहिलं नाव वाचलं. पाचवीतली एक मुलगी उठली. बाईंनी तिच्या आईलाही हाताने खूण केली. ‘तुमी पण या. द्यायला कोणतरी पायजे न्हवं? पाव्हणे न्हाईत अजून.’ ती बाई पदर सावरत वर आली, टेबलावरचं बक्षीस उचललं आणि लेकीच्या हातात दिलं. खरं बक्षीस. खरं प्रमाणपत्र. तीन टाळ्या. पुढचं नाव.

टाळ्या तीनच, हा बाईंचा शोध. आदल्या दिवशी सगळ्या शाळेला त्यांनी पटांगणात बसवून शिकवलं होतं. ‘तीन वाजवायच्या, जोरात. चौथी वाजवली की ती पुढच्या पोराच्या वेळातनं जाती.’ त्या हिशेबाने पाऊण तासात यादी संपली. पाहुणे साडेअकराला आले. त्यांच्यासाठी बाईंनी पाच बक्षिसं बाजूला ठेवली होती. ती त्यांनी शुभहस्ते दिली, मनगटाकडे पाहिलं आणि मी माईककडे निघालो. तिथे गेल्यावर लक्षात आलं की उरलेली बक्षिसंच नाहीत. शेवटी ‘धन्यवाद’ म्हटलं.

अहवालात मी लिहिलं, ‘सर्व बक्षिसांचे वितरण प्रमुख पाहुण्यांच्या शुभहस्ते संपन्न झाले.’ हे वाक्य पुढे दहा वर्षं तसंच राहिलं. आमच्या शाळेने दहा वर्षांत एकही बक्षीस अधिकृतपणे चुकीच्या हाताने दिलेलं नाही.

बातमी फिरायला वेळ लागला नाही. आधी समारंभाला पालक यायचे ते नाचाला. आता भवानीनगरच्या चहाच्या टपरीवर माणसं एकमेकांना विचारू लागली, ‘तालमीला येणार न्हवं?’ समारंभाला म्हणून कोणी विचारत नसे. कामावर जाणारा माणूस तासभर सवलत मागून तालमीला यायचा, पोराच्या हातात बक्षीस द्यायचा आणि खरा कार्यक्रम सुरू व्हायच्या आत निघून जायचा. पाहुण्यांसमोर खुर्च्या रिकाम्या पडू लागल्या. त्यावर बाईंनी मुलांचे नाच भाषणांनंतर ठेवले. पाहुण्यांना वाटायचं, केवढा हा श्रोतृवर्ग, आणि किती संयमी.

तालमीचा दुसरा फायदा मला कऱ्हाटीच्या आबांमुळे कळला. त्यांची नात मामाकडे राहून आमच्याकडे शिकत होती. धावण्यात पहिली. आबा दोन एसट्या बदलून आले, आणि दुसरी चुकल्यामुळे पोहोचले तेव्हा नातीचं नाव होऊन गेलं होतं. नात बक्षीस घेऊन सतरंजीवर बसलेली. आबा मांडवाच्या खांबाला धरून उभे राहिले. कपाळावरचा घाम पुसत होते की आणखी काही, ते लांबून कळत नव्हतं.

बाई माझ्याकडे आल्या. ‘तिचं नाव परत घ्या.’

‘झालंय ना ते?’

‘तालीम हाय सर. दोनदा झाली तरी चालती.’

मी परत वाचलं. नातीने बक्षीस टेबलावर परत ठेवलं. आबा वर आले, ते उचललं, उलटं धरलं आणि दिलं. तीन टाळ्या. खऱ्या कार्यक्रमात हे करता आलं नसतं. खरा कार्यक्रम एकदाच होतो, हीच त्याची उणीव.

बाई हा एवढा खटाटोप का करतात हे मी विचारलं नव्हतं. बाईंना ‘का’ विचारलं की त्या ‘सिद्ध करा’ म्हणायच्या. ते मला त्यांच्या जेवणाच्या डब्यावरून कळलं. स्टीलचा जुना, कडीचा डबा. तो त्या कोणाला धुवायला देत नसत. स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाटायचं, लग्नातला असेल. एकदा झाकण उन्हाच्या तिरिपेत धरलं गेलं आणि टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं दिसली. ‘इयत्ता सातवी, गणित, प्रथम. शमशाद बाबालाल मुलाणी.’

‘बक्षीस?’ मी विचारलं.

‘व्हय.’ भाकरीचा तुकडा मोडत त्या म्हणाल्या. ‘अब्बांचं सायकलचं दुकान व्हतं. त्या दिवशी बंद ठेवून आलते. पहिल्या रांगंत बसले, इस्त्रीचा सदरा घालून. मग तुमच्यासारखं कोणतरी माईकवर आलं.’

‘वेळेअभावी,’ मी म्हणालो.

‘दुसऱ्या दिवशी वर्गात दिला. मी पळत दुकानात गेले. अब्बा पंक्चर काढत व्हते. बघितला की त्यांनी. लई खूश झाले. पण हात काळे व्हते ना, म्हणून हातात न्हाय घेतला. म्हणाले, ठेव, घरी गेल्यावर घेतो.’

‘मग?’

‘मग घरी आई भाजी भरून बसली व्हती त्यात.’

बाई हसल्या आणि मला भेंडीची भाजी दिली. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

बाईंच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी तालमीवर संकट आलं. प्रमुख पाहुण्या म्हणून तालुक्याला नव्याने आलेल्या एक अधिकारी बाई येणार होत्या आणि त्या वेळेवर येतात, अशी त्यांची भयंकर ख्याती होती. बारामतीत एका कार्यक्रमाला त्या आयोजकांच्या आधी पोहोचल्या आणि सतरंज्या घालणाऱ्या माणसाने त्यांना एक टोक धरायला लावलं, असं लोक सांगत. हेडसरांची झोप उडाली. पाहुणा वेळेवर आल्यास काय करायचं याचा शाळेला अनुभव नव्हता.

‘बाई, यंदा तालीम नको,’ ते म्हणाले. ‘मॅडम दहाला दारात असतील. थेट कार्यक्रम.’

‘मग पोरांची बक्षिसं?’

‘होतील तेवढी होतील.’

बाईंनी घड्याळ बघितलं, जणू समारंभ आत्ताच आहे. ‘मी नवाला सुरू करते,’ म्हणाल्या. ‘दहापर्यंत झाली तर झाली. न झाली तर तुमी सांगाल ते.’

यादी एकशे अठरा नावांची होती. शेवटचं नाव बाईंनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं: काजल तुकाराम मारकड, नववी, जिल्ह्याच्या गणित परीक्षेत पहिली. काजलचा आजा मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचा, बाप उसाचा ट्रॅक्टर चालवायचा, आणि काजल बाईंची उदाहरणं बाईंनाच दुसऱ्या रीतीने सोडवून दाखवायची. तुकारामला निरोप द्यायला बाई स्वतः वस्तीवर गेल्या होत्या. त्याने शब्द दिला होता, ‘बाई, कारखान्यावर खेप न्यायची हाय, पण शाळा वाटंतच हाय. साडेनवाला येतो. मालकीन बी संगं आणतो.’

तो दिवस अजून डोळ्यासमोर आहे. आठपासून पटांगण नुसतं उकळत होतं. मुली नऊवारीत, प्रत्येकीच्या अंगावर किमान वीस टाचण्या, त्यामुळे बसायला कोणीच तयार नाही. कारखान्याच्या मळीचा वास वाऱ्यावर. फाटकाजवळ लेझीमचं पथक दोन ओळींत, आणि चार मुली गुलाबाच्या पाकळ्यांची ताटं घेऊन. खेळाच्या सरांनी त्यांना एकच सूचना देऊन ठेवली होती: ‘पांढरी गाडी दिसली की सुरू.’ मागच्या रांगेत बाईंचे धाकटे भाऊ सलीमभाई बसले होते. बावड्याचं दुकान आता ते चालवत. बाईंचा निरोपाचा सत्कार पत्रिकेवर होता, शेवटचा, पाऊणला. तो बघायला ते दुकान बंद ठेवून साडेआठलाच आले होते. इस्त्रीचा सदरा होता.

नऊला मी पहिलं नाव वाचलं. पायऱ्यांपाशी बाई. एका हाताने मुलाला वर पाठवायच्या, दुसऱ्याने आधीच्याला उतरवायच्या, आणि मला एकच शब्द: ‘नाव!’ पालक वेळेवर होते. अकरा वर्षांत बाईंनी अख्खा परिसर वळणावर आणला होता. आई वर, पोर वर, बक्षीस, तीन टाळ्या, उतरा. आई वर, पोर वर. मला दम लागला. एका नावाला मी खोकलो तर बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की खोकला आत गेला.

सव्वानऊला बाईंचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, दुसरा हात चालूच. आवाज इतका मोठा की मला वर ऐकू आलं. तुकारामची बायको सुनीता ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, ठेवणीतली साडी नेसून बसली होती.

‘बाई, आमी निगालोय. पर मागं एक पांढरी गाडी हाय, लई हारन मारती. ह्ये इचारत्यात, साईड देऊ का?’

त्याच वेळी फाटकातून हेडसर धावत येत होते. ‘निघाल्या! मॅडम निघाल्या! बारामती मघाशीच सोडलं! दहा मिनिटांत येतील!’

बाईंनी हेडसरांकडे पाहिलं. यादीकडे पाहिलं. साठेक नावं उरली होती.

‘सुनीता, रस्ता कसा हाय?’

‘बारका हाय की. कडंला खचलाय. दोन ट्राल्या हायत मागं, भरल्याल्या.’

‘मग जिवाला जपून या,’ बाई म्हणाल्या. ‘सावकाश.’ आणि मला, ‘नाव!’

साईड देऊ नका असं बाई म्हणाल्या नाहीत. हे मी पुढे हेडसरांना दोनदा सांगितलं. रहदारीच्या दृष्टीने तो सल्ला निर्दोष होता.

मग जे झालं त्याला माझ्या अहवालात शब्द नाही. मी नावं वाचत होतो आणि हेडसर फाटक ते व्यासपीठ अशा फेऱ्या घालत होते. ‘कालव्याच्या पुलाजवळ आहेत!’ सातवी संपली. ‘अजून पुलाजवळच आहेत!’ आठवी सुरू. ‘ड्रायव्हर म्हणतो, पुढे उसाचा ट्रॅक्टर आहे, हलत नाही!’ पोरांना काय कळलं देवाला माहीत, पण ती आता चालत नव्हती, पळत होती. एक आजी लुगडं वर खोचून पायऱ्या दोन-दोन चढली. एका बापाने पोराऐवजी शेजारच्याच पोराच्या हातात बक्षीस दिलं आणि ते दोघांनी उतरता उतरता बदलून घेतलं. तीन टाळ्यांचा ठेका इतका बसला होता की त्यावर लेझीमवाली मुलं जागच्या जागी पाय हलवत होती. एकशे दहा. एकशे अकरा. सलीमभाई खुर्चीवरून उठून उभे राहिले, आणि बघता बघता मागच्या तीन रांगा उभ्या.

एकशे सतराव्या नावाला रस्त्यावर धूळ दिसली. धुळीतून आधी ट्रॅक्टर आला, मागे उसाच्या दोन ट्रॉल्या, आणि त्याच्या मागे, अगदी चिकटून, पांढरी गाडी.

पथकाने सूचना पाळली. पांढरी गाडी दिसली. लेझीम सुरू झाली. ढोल वाजला. ट्रॅक्टर फाटकात थांबला, कारण पुढे लेझीम होती. तुकाराम आणि सुनीता उतरले, आणि चारही मुलींनी, डोळे मिटून, सगळ्या पाकळ्या त्यांच्यावर उधळल्या. तुकाराम घाबरला. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. सुनीता मात्र त्या दोन ओळींमधून सरळ चालत आली, मांडवभर बघत, जसं काही रोज अशीच येते. गाडीतून उतरलेल्या अधिकारी बाई त्यांच्या मागून चालत आल्या, कारण दुसरी वाट नव्हती. त्यांच्याही खांद्यावर एक पाकळी पडली. हेडसर त्यांना शोधायला फाटकाबाहेर धावले. त्या आत येऊन मागच्या एका प्लास्टिकच्या खुर्चीशी थांबल्या आणि शेजारच्या आईला विचारलं, ‘काय चाललंय?’

‘तालीम हाय, बसा,’ ती आई म्हणाली. ‘खरा कार्यक्रम पाव्हणे आल्यावर.’

त्या बसल्या. हे मला त्या आईनेच नंतर सांगितलं.

मी शेवटचं नाव वाचलं. ‘काजल सुनीता तुकाराम मारकड, जिल्ह्यात पहिली.’ काजल वर आली. सुनीता आली. तुकाराम पायरीवरच थांबला. ढाल टेबलावर होती, मोठी, पितळी, चकाकणारी.

‘बाई, हिला देऊ द्या,’ तो बायकोकडे बोट करून म्हणाला. ‘माजं हात काळं हायत. ग्रीस लागलंय.’

टाळ्यांचा ठेका थांबला होता. बाई पायऱ्यांवरून वर आल्या. मी त्यांना अकरा वर्षांत व्यासपीठावर चढलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी ढाल उचलली आणि तुकारामच्या दोन्ही हातांत ठेवली.

‘असू द्या काळे,’ त्या म्हणाल्या. ‘आत्ता घ्या. घरी गेल्यावर न्हाय.’

तुकारामने ढाल लेकीला दिली. पितळेवर दहा बोटं उमटली. काजलने ती पुसली नाहीत. मागच्या रांगेत सलीमभाई खाली बसले आणि सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसू लागले.

यादी संपली होती. पण मी आदल्या दिवशी तिच्या तळाला एक ओळ लिहून ठेवली होती, आणि आयुष्यात एकदा तरी माईकचा उपयोग करावा असं वाटलं. मी वाचलं, ‘शमशाद बाबालाल मुलाणी, बावडा. गणितात प्रथम.’

सलीमभाईंशी मी सकाळीच बोललो होतो. ते आले, खुर्चीखाली ठेवलेला स्टीलचा डबा घेऊन. स्टाफरूममधून तो मीच उचलून दिला होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी बाईंना दिला. डबा रिकामा नव्हता. त्यामुळे थोडा तिरका होताच भेंडीचं तेल बाहीवर आलं.

‘गुरव सर,’ बाई म्हणाल्या, ‘यादीत न्हाय ते वाचू नका. वेळ जातो.’

पण डबा त्यांनी छातीशी धरला होता. टाळ्या झाल्या. तीन. मग चौथी झाली, पाचवी झाली, आणि मग कोणी मोजेना. बाईंनी ते चालवून घेतलं. घड्याळही बघितलं नाही.

दहाला पाच कमी असताना हेडसरांना पाहुण्या सापडल्या. त्यांनी राखून ठेवलेली पाच बक्षिसं दिली आणि चार मिनिटं भाषण केलं. त्यात त्या म्हणाल्या की इतकी चांगली तालीम त्यांनी कुठेच पाहिलेली नाही. पण नव्या अधिकारी हजर आहेत म्हटल्यावर परिसरातल्या यच्चयावत मान्यवरांना दोन शब्द सुचले. अडीच वाजता मांडववाला खांब सोडू लागला. पत्रिकेवर शेवटचा सत्कार राहिला होता. हेडसरांनी मला खूण केली. मी माईकजवळ गेलो आणि म्हणालो, ‘वेळेअभावी मुलाणी बाईंचा सत्कार उद्या ठीक साडेअकरा वाजता स्टाफरूममध्ये होईल.’

बाई सलीमभाईंच्या शेजारी बसल्या होत्या. डबा उघडून दोघं जेवत होते. माझ्याकडे बघून त्यांनी हात वर केला आणि तीन टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी बाई ठीक साडेअकराला स्टाफरूममध्ये आल्या. तिथे पंखा होता आणि मी होतो. ‘सांगितलं व्हतं न्हवं?’ असं म्हणून त्या दहा मिनिटं बसल्या आणि मग नववी ब चा तास घ्यायला गेल्या. साडेबाराला हेडसर आले, संस्थेचे दोन सदस्य आले, शाल आली, नारळ आला. खिडकीतून समोरच्या वर्गातल्या बाई दिसत होत्या, फळ्याकडे तोंड, मनगट आत वळवलेलं. कोणाचं तरी उत्तर बरोबर आलं असावं, कारण एक मुलगी उभी राहून आपल्या आईचं, बापाचं आणि गावाचं नाव सांगत होती. तास मोडायला जायची कोणाची हिंमत झाली नाही. तिघांनी भाषणं केली, नारळ हेडसरांनी दिला, शाल मी स्वीकारली, आणि सत्कार अतिशय भावपूर्ण वातावरणात पार पडला. बाई सोडून सगळे हजर होते.